एक दिसतं की दोन

ठाकूर बाई भांडत नसत. पेणच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, पण इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. तरीही सगळी शाळा त्यांना दबकून असायची. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती, की बाई विसरत नाहीत.

बुटक्या, रुंद बांध्याच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या बाई. पर्समध्ये खडूचे तुकडे आणि एक छोटं भिंग. कुठलीही नवी वस्तू हातात आली की बाई ती उलटी करून बुडाशी काय लिहिलंय ते आधी वाचायच्या. दिवाळीला शाळेने दिलेला मिठाईचा पुडासुद्धा त्यांनी भिंगाखाली धरला होता. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, "हसा. पोट तुमचं दुखणार हाय, माझं नाय."

रामवाडीत त्यांच्या गल्लीत एक दूधवाला पाणी घालायचा. बाईंनी त्याला दोनदा नीट सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मग एका सकाळी बाई स्टूल घेऊन कोपऱ्यावर बसल्या. पुढ्यात दुधातलं पाणी ओळखायची काचनळी आणि उंच भांडं. येणाऱ्या जाणाऱ्या बायकांना म्हणायच्या, "ये गो, तुझी किटली बघू." मोजायच्या, दाखवायच्या आणि किटली परत द्यायच्या. दूधवाल्याबद्दल चकार शब्द नाही. पावसाळा संपायच्या आत त्याने रामवाडी सोडली. मी विचारलं, "बाई, एवढं त्याच्याशी भांडण्यापेक्षा..." त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मी भांडत नाय सर. मी दाखवते."

त्यांचे यजमान बाळाराम ठाकूर, आम्ही त्यांना ठाकूरदादा म्हणायचो, रोह्याला एका केमिकल कंपनीत होते. जन्मभर शिफ्ट केलेला माणूस. पहाटे कंपनीच्या गाडीतून हायवेला उतरले की घरी यायच्या आधी रस्त्याच्या कडेला उभे राहून वर बघत बसायचे. चांदण्या त्यांना ओळखीच्या माणसांसारख्या माहीत होत्या. पाखरांचंही तसंच. खंड्या, कोतवाल, वेडा राघू, खाडीकडे थंडीत येणारी लांब चोचीची पाखरं. एक दुर्बीण घ्यायची हे त्यांचं जुनं स्वप्न होतं, पण प्रत्येक वेळी घरात दुसरं काहीतरी आधी लागायचं. बाई त्यांना चिडवायच्या, "आकाशात काय तुमचं प्रमोशन लिहिलंय?" दादा नुसते हसायचे.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी दादांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, चालणं आलं नाही. बाईंनी मागच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली. खिडकीतून भातशेत दिसायचं, विजेचे खांब, तारा आणि पलीकडे डोंगराची कड. आता दुर्बीण घ्यायचीच, असं बाईंनी ठरवलं.

रोह्यात कोठेकर नावाचा चष्म्याचा दुकानदार होता. चाळिशीचा, गोड बोलणारा. खिशाखिशांचं जाकीट घालून रविवारी लोकांना पक्षी दाखवायला न्यायचा, त्यामुळे सगळे त्याला सर म्हणायचे. त्याचा मोठा व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्याच ग्रुपवर तो दुर्बिणी विकायचा. दादांच्या कंपनीतल्या मित्रांनी त्याच्याकडूनच घेतल्या होत्या. बाई एसटीने रोह्याला गेल्या. आजारी माणसासाठी हवी आहे, खाटेवरून बघणार आहेत, असं सगळं त्यांनी त्याला सांगितलं. कोठेकरने लाल चकाकणाऱ्या भिंगांची, वीस पट मोठं दाखवणारी दुर्बीण दिली. "मॅडम, काकांना बगळ्याच्या डोळ्यातली बाहुली दिसेल."

मिठाईचा पुडा तपासणाऱ्या बाईंनी ही एक वस्तू तशीच घरी आणली. दादांना कधी एकदा देते असं त्यांना झालं होतं.

दादांनी डाव्या हाताने दुर्बीण डोळ्याला लावली. बराच वेळ बघून म्हणाले, "दोन दोन दिसतान गो सुमन."

"नीट धरा."

"नीटच धरलीय. कोतवालाला दोन शेपट्या हायेत."

दुसऱ्या दिवशीही तेच. डोकं दुखायला लागायचं, मळमळायचं. बाईंनी दुकानात फोन केला. कोठेकर म्हणाला, "मॅडम, पॅरालिसिसनंतर नजर जाते, तुम्ही तर सायन्सच्या." बाई दुर्बीण घेऊन परत रोह्याला गेल्या. त्याने गिऱ्हाइकांसमोर ती क्षणभर डोळ्याला लावली आणि पुसून परत दिली. "वस्तू एकदम ओके आहे. काकांचं वय झालं मॅडम. त्यांना टीव्ही लावून द्या." दुकानातले दोघेतिघे हसले. बाई दुर्बीण घेऊन घरी आल्या आणि त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की दुर्बीण चांगली आहे.

"मंग डोळंच गेलं म्हनायचं," दादा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी दुर्बीण मागितली नाही. थोड्या दिवसांनी खाट फिरवून घ्यायला लावली, तोंड भिंतीकडे येईल अशी. मी भेटायला जायचो तेव्हा खिडकी त्यांच्या पाठीमागे असायची. तारेवर पाखरं येऊन बसायची आणि दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पडलेले असायचे. मी एकदा म्हटलं, "दादा, राघू आलेत बघा." ते म्हणाले, "असूदेत." त्या हिवाळ्यात ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर ठाण्याहून बाईंची भाची राहायला आली होती. तिला पक्ष्यांचा नाद. तिच्याकडे साधी, काळी, स्वस्तातली दुर्बीण होती. खिडकीशी उभी राहून ती बघत होती आणि सहज म्हणाली, "मावशी, बघतेस?" बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दुर्बिणीतून पाहिलं. तारेवर एक कोतवाल. एक तार, एक शेपूट. मग बाईंनी कपाटातून दादांची दुर्बीण काढली आणि तीही डोळ्याला लावली. आधी नीट दिसल्यासारखं वाटलं. मग डोळ्यांच्या मागे ताण आला, आणि डोळे जरा मागे घेतल्याबरोबर तार फुटली. एक वर, एक खाली. कोतवालाला दोन शेपट्या.

हे सगळं भाचीने मला सांगितलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे बाई रडल्या नाहीत. मग खाली बसून दुर्बीण उलटी केली, पर्समधून भिंग काढलं आणि बुडापासून वाचायला सुरुवात केली.

मला त्या एवढंच म्हणाल्या, "माणूस खरं सांगत होता सर. आणि मी त्या दुकानदाराचं ऐकलं. मी एकदासुद्धा डोळा लावून बघितलं नाय." मग म्हणाल्या, "त्याला मी सोडणार नाय."

पुढचे काही महिने बाईंनी दुर्बिणींचा अभ्यास केला. भाचीमार्फत इकडून तिकडून जुन्या, स्वस्त, मोडक्या दुर्बिणी मागवल्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलल्या, जोडल्या. आतले काचेचे त्रिकोणी लोलक पाहिले. दादांच्या दुर्बिणीतला एक लोलक किंचित सरकलेला होता. त्यामुळे दोन नळ्या दोन दिशांना बघत होत्या. "तरण्या माणसाचे डोळे दोन चित्रं ओढून एक करतात," बाई मला समजावत होत्या, "म्हणून दुकानात गिऱ्हाइकाला कळत नाय. घरी गेल्यावर डोकं दुखतं, आणि त्याला वाटतं आपलाच डोळा खराब. यांच्या डोळ्यांत ओढायची ताकद नव्हती. म्हणून यांना खरं दिसलं."

मग त्या रोह्याला जायला लागल्या. दर रविवारी. कोठेकरच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे त्यांच्या चुलत दिराचं स्टेशनरीचं दुकान होतं. त्याच्या पायरीवर बाई बसायच्या. मांडीवर दोन दुर्बिणी, एक दादांची आणि एक भाचीकडची. समोरून कुणी खोकं घेऊन बाहेर पडलं की हात करायच्या. "बाळा, इकडं ये. बघू काय घेतलंस."

मी दोनचार वेळा सोबत गेलो होतो. नागोठण्याचं एक नवं लग्न झालेलं जोडपं आलेलं मला आठवतं. नवरा खुशीत होता. "आजी, वीस पटीची आहे."

"हात लांब कर," बाई म्हणाल्या. "थरथरतो ना जरासा? पाखरू वीस पट मोठं दिसेल, तशी ही थरथरपण वीस पट होईल. मग बघशील काय? आठ पट बस्स झालं. फार तर दहा. आता हा दुसरा आकडा, ही पुढच्या भिंगाची रुंदी. चांदण्या बघायच्या तर भिंग रुंद पाहिजे, उजेड जास्त आत येतो. पण फार रुंद घेतलीस तर दुर्बीण जड, मान मोडेल. आठ बाय बेचाळीस घे. पाखरंपण दिसतील, चंद्रावरचे खड्डेपण."

"पण हिची भिंगं लाल आहेत, स्पेशल कोटिंग," नवरा म्हणाला.

"ती गिऱ्हाईक ओढायला आहेत, पाखरू बघायला नाय. आता हातभर लांब धर आणि उजेडाकडे कर. डोळ्याकडच्या काचेत उजेडाचा ठिपका दिसतो? गोल हाय की कडा कापलेला?"

"कापलेला."

"म्हणजे आतली काच हलकी. आता डोळ्याला लाव आणि त्या समोरच्या गच्चीची कड बघ. हळूहळू डोळे मागे घे. एक दिसते की दोन?"

त्याने बघितलं. मग बायकोकडे दिली. ती म्हणाली, "दोन." दोघं रस्ता ओलांडून परत दुकानात गेली. बाई पदराने भिंगं पुसत बसल्या. त्यांचा चेहरा अशा वेळी अगदी शांत असायचा, वर्गात प्रयोग जमल्यावर असायचा तसा.

कोठेकरने आधी दुर्लक्ष केलं, मग ग्रुपवर टिंगल केली आणि शेवटी पोलिसांत गेला. एक हवालदार आले. "बाई, धंद्याच्या आड येता म्हणून तक्रार हाय तुमच्यावर."

"मी तर काय बोलतच नाय. तुम्हीच बघा," म्हणून बाईंनी दादांची दुर्बीण त्यांच्या हातात दिली. हवालदारांनी नदीपलीकडच्या देवळाचा कळस पाहिला. खूप वेळ पाहिला. मग हळूच म्हणाले, "माझ्या मेव्हण्यानं पन इथूनच घेतलीय." चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत.

तरी कोठेकर टिकून होता. माणूस हुशार. त्याने शाळा पकडल्या. प्रत्येक शाळेत निसर्ग मंडळ काढायचं आणि दुर्बिणींचा संच त्याच्याकडून घ्यायचा, अशी योजना. त्यासाठी कुंडलिका नदीच्या काठच्या मैदानावर त्याने संध्याकाळी चंद्र आणि गुरू दाखवायचा कार्यक्रम ठेवला. पेण, रोहे, नागोठणे, सगळीकडचे मुख्याध्यापक बोलावले. त्यातल्या निम्म्यांनी आमच्याच शाळेत, बाईंच्या हाताखाली नोकरी सुरू केलेली. बाईंना आमंत्रण नव्हतं. त्या दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. शेजारी मी.

सूर्य नुकता मावळला होता. कोठेकर छान बोलला. टेबलावर दुर्बिणींची रांग मांडलेली. पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती, हिशेबाला दुकानात तीच बसायची. भाषण संपवून तो म्हणाला, "कुणाला काही शंका?"

बाई उठल्या. "शंका नाय. जरा बघू का?"

नाही म्हणायची सोय नव्हती. बाई टेबलापाशी गेल्या. नदीपलीकडे मोबाइलच्या मनोऱ्यावर लाल दिवा लागला होता. एकेक दुर्बीण उचलायची, कोपर टेबलावर टेकवायचं, दिव्याकडे बघायचं, डोळे मागे घ्यायचे. काही डावीकडे ठेवल्या, काही उजवीकडे. बोलल्या काहीच नाहीत. रांग संपली तेव्हा डावीकडचा ढीग मोठा होता.

त्या ढिगातली वरची दुर्बीण त्यांनी कोठेकरपुढे धरली. "सर, तो लाल दिवा बघा. हळूहळू मागे या. एक दिसतो की दोन?"

त्याने बघितलं. "एक," तो म्हणाला.

बाईंनी दुर्बीण त्याच्या हातातून घेतली आणि पहिल्या रांगेत त्याच्या बायकोकडे दिली. तिला काय चाललंय ते कळलं नसावं. तिने सरळपणे बघितलं, डोळे मागे घेतले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, मला दोन दिसतायत."

कुणी हसलं नाही. मुख्याध्यापक एकमेकांकडे न बघता उठायला लागले. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने दुर्बीण मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी झाकली. मला ते बघवलं नाही. परतीच्या एसटीत मी बाईंना तसं बोललो. "त्या बायकोचा काय दोष होता?"

"काय नाय," बाई म्हणाल्या. "मलापण दया आली तिची. पण तिचा नवरा जिवंत हाय."

महिनाभराने बाईंचा फोन आला. "उद्या दुपारी घरी या. कोठेकर येतोय. साक्षीला कुणी पाहिजे."

तो आला. जाकीट नव्हतं, दाढी वाढलेली. हातात नव्या, परदेशी दुर्बिणीचं खोकं. खोकं टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, ही घ्या. चांगल्यातली चांगली आहे. आणि आता हे थांबवा. दुकानात माणूस फिरकत नाही."

बाईंनी खोक्याला हात लावला नाही. "एकच विचारते. तुम्हाला माहीत होतं?"

तो खाली बघून म्हणाला, "प्रत्येक लॉटमध्ये काही तशा येतात. कंपनी परत घेत नाही. मग ज्याला कळणार नाही त्याला..."

"आजारी माणूस तक्रार करणार नाय, असंच ना?"

त्याने मान हलवली. नकारार्थी नव्हे.

"या," बाई म्हणाल्या आणि त्याला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. खाट तिथेच होती, पण आता परत खिडकीकडे तोंड केलेली. "पडा."

"मॅडम..."

"पडा. उजवा हात वापरायचा नाय."

कोठेकरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तो आडवा झाला. बाईंनी त्याच्या डाव्या हातात दादांची दुर्बीण दिली. "तारेवर पाखरू हाय ते बघा. मी सांगेपर्यंत खाली घ्यायची नाय." आणि त्या आत जाऊन तांदूळ निवडायला बसल्या. मला तिथून हलता येईना. थोड्या वेळाने त्याचा हात कापायला लागला. त्याने दुर्बीण खाली घेतली की आतून आवाज यायचा, "बघा." तो परत लावायचा. त्याच्या कपाळावर घाम आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते ताणाचं की दुसरं कसलं, मला कळलं नाही.

बाई तांदळाचं सूप बाजूला ठेवून दारात आल्या. "काय दिसतं?"

"दोन," तो म्हणाला. "दोन दोन दिसतात. डोकं फुटतंय मॅडम."

"वस्तू एकदम ओके हाय," बाई म्हणाल्या. "तुमचं वय झालं."

तो उठला, न्हाणीत गेला. ओकल्याचा आवाज आला. तोंड धुऊन बाहेर आला, चपला घातल्या आणि निघाला. बाईंनी त्याच्या मागोमाग जाऊन खोकं त्याच्या हातात परत दिलं.

मला वाटलं, आता संपलं. पुढच्या रविवारी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरावरून गेलो. दाराला कुलूप होतं. बाई रोह्याला गेल्या होत्या.

दसऱ्याच्या सुमाराला कोठेकरने दुकान बंद केलं. लोक आता दुर्बीण घ्यायची म्हटली की आधी बाईंकडे यायला लागले होते. पार गागोद्याहून, खाडीकडच्या गावांतून यायचे. बाई त्यांना दुर्बीण हातात धरायला शिकवायच्या. मधलं चाक डाव्या डोळ्यासाठी फिरवायचं, मग उजव्या डोळ्याचं कडं वेगळं जुळवायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडचं रबर दुमडायचं. सगळं सांगायच्या. एकदा मी विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः काय बघता हिच्यातून? पाखरं?" त्या म्हणाल्या, "मला पाखरांतलं काय कळत नाय. ते यांचं होतं."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पेणच्या एसटी स्टँडवर. रविवार होता. बाई एकट्याच बाकावर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, पण साडीची इस्त्री तशीच कडक. मी शेजारी बसलो. "कुठे निघालात?"

"माणगावला."

"तिकडे कोण आहे?"

"कोठेकरनं दुकान टाकलंय तिथं. भावाच्या नावावर."

मी शेवटी म्हटलं, "बाई, पुरे झालं आता. दादांनासुद्धा हे..."

"यांना नसतंच आवडलं," बाई म्हणाल्या. "ते कुणावर रागावलेच नाय कधी. म्हणून मला जावं लागतं."

माणगावची गाडी लागली. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पिशवी जड होती. मी ती उचलून पायरीपर्यंत नेली आणि म्हटलं, "मीपण येऊ का सोबत?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या मुलाकडे बघावं तसं, जरा मायेनेच.

"कशाला सर? तुम्हाला त्याचा राग नाय."

पिशवी माझ्या हातातून घेऊन त्या वर चढल्या. खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली, पदर खांद्याभोवती ओढून घेतला आणि समोर बघत बसल्या. गाडी स्टँडबाहेर पडून वळली तेव्हा मी हात केला होता. त्यांनी तो पाहिला नसावा.